सहलीची बस तुंगारेश्वरकडे वळू दे

दिवाळीची सुट्टी संपली, सहामाहीच्या उत्तरपत्रिका वाटून झाल्या, की शाळाशाळांतून सहलीची सूचना फिरू लागते. वर्गणी किती, बस कधी सुटणार, डब्यात काय आणावे आणि काय आणू नये, हे तीत तपशीलवार लिहिलेले असते. ठरल्या दिवशी पहाटेच्या अंधारात शाळेच्या फाटकाशी बस उभ्या राहतात, आया स्वेटरची बटणे लावून देतात, आणि बस महामार्गाला लागते न लागते तोच अंताक्षरी सुरू होते. या आनंदात गैर काही नाही. वर्षभर बाकांवर दाटीवाटीने बसणाऱ्या मुलांना एक दिवस मोकळे सोडावे, यात कोणाचे दुमत असणार? प्रश्न आहे तो बस कुठे जाऊन थांबते याचा. अलीकडे हा मुक्काम जवळजवळ ठरूनच गेला आहे. पंपाने वर चढवलेल्या पाण्याचे धबधबे, आकाशपाळणे, नाश्ता-जेवणासह माणशी एकच दर. शाळेच्या नोंदवहीत मात्र या दिवसाची नोंद 'शैक्षणिक सहल' अशीच होते.

वसई-विरारच्या बाबतीत तर हे फारच खटकते. नायगाव सोडल्यापासून विरारपर्यंत लोकलच्या पूर्वेकडच्या दारात उभे राहा. इमारतींच्या फटींतून एक निळसर-हिरवी डोंगररांग सतत सोबत करते. तो तुंगारेश्वरचा डोंगर. २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे जंगल वसई तालुक्यातील हजारो मुलांच्या घराच्या गच्चीवरून दिसते. त्यांतली बरीच मुले श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला घरच्यांबरोबर महादेवाच्या दर्शनाला तिथे जाऊनही आलेली असतात. पण शाळेच्या पुस्तकातला 'सजीव आणि परिसर' हा पाठ आणि गच्चीवरून दिसणारा हा डोंगर यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. काही शाळा-महाविद्यालये आणि निसर्गमंडळे मुलांना घेऊन जंगलात जातात, नाही असे नाही. पण तो उत्साही शिक्षकांचा वैयक्तिक उपक्रम ठरतो. शिक्षक बदलले की वाट बुजते.

सहल कशी असावी याचा विचार करायला आपल्याला दूर जाण्याचीही गरज नाही. जवळजवळ सव्वादोन हजार वर्षांपूर्वी तो याच मातीत दगडावर कोरून ठेवलेला होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. (नवव्या शिलालेखाचा तुकडा पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगावला सापडला.) या आठव्या लेखाचा विषय आहे प्रवास! पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार आणि तशाच करमणुकी करत, असे अशोक सांगतो. पुढे राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय करायचे, तेही त्याने सांगितले आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वडीलधाऱ्यांना भेटायचे, जनपदातल्या सामान्य माणसांकडे जायचे, त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचे आणि विचारपूस करायची.

अशोकाचा धर्म आणि आपल्या शाळांचा अभ्यासक्रम या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्यच. पण करमणुकीसाठी निघणे आणि भेटण्यासाठी, विचारण्यासाठी निघणे यातला फरक त्या लेखात स्वच्छ आहे. आमचे म्हणणे एवढेच, की वसई-विरारच्या प्रत्येक मुलाच्या शालेय आयुष्यात दुसऱ्या प्रकारची निदान एक यात्रा असावी, आणि ती त्याच्या घरामागच्या डोंगरावर असावी.

तिथे मुलांना दिसेल काय? वाघ-सिंह दिसतील अशा अपेक्षेने जाणाऱ्याचा विरस होईल. पण पायांखालच्या काळ्या दगडापासूनच पाठ सुरू करता येतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले, त्याचाच हा भाग. या दगडावर मातीचा पातळ थर, त्यावर साग, ऐन, खैर, कुडा, पळस, मोह यांचे पानझडी जंगल. फेब्रुवारीत इथे आलेल्या मुलाला पानगळ म्हणजे काय, हे व्याख्येतून समजावून सांगावे लागत नाही, पावलागणिक ती वाजते. याच सुमाराला पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात आणि पक्ष्यांची तिथे झुंबड उडते. उंबराला फळे धरली असतील तर आपला राज्यपक्षी हरियाल पाहायला मिळण्याचा संभव असतो. तो पानांच्या रंगात असा मिसळून जातो, की एकाला दिसला तरी दुसऱ्याला दाखवता दाखवता पाच मिनिटे जातात. ही पाच मिनिटे निरीक्षणाचे खरे शिक्षण देतात.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात उतारांवर कारवी वाढते. ही झुडपे सात-आठ वर्षे नुसती वाढतात आणि मग एका पावसाळ्याच्या अखेरीस एकदम जांभळी-निळी फुलून येतात. बी धरले, की वाळून जातात. दुसरीत असताना एकदा फुललेली कारवी पुन्हा फुलेल तेव्हा तोच मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर असेल. निसर्गाचे घड्याळ आपल्या घटक चाचण्यांच्या वेळापत्रकावर चालत नाही, हे त्याला यातून सहज उमगेल.

शिवाय हे जंगल एकटे नाही. दक्षिणेला वसईच्या खाडीलगत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागलाचा तुकडा, ईशान्येला तानसा अभयारण्य, आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे तुंगारेश्वर. या दुव्याचे महत्त्व सांगायला 'आजोबा'ची गोष्ट पुरे. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका प्रौढ बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मागावर लक्ष ठेवले. सुमारे महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत महामार्ग होते, रेल्वेमार्ग होते, वस्त्या होत्या. २०१४ साली या प्रवासावर मराठी चित्रपट आला, त्यामुळे अनेक घरांतल्या मुलांना ही गोष्ट ठाऊक आहे. गोष्टीचा शेवट मात्र पडद्याबाहेरचा आहे. २०११च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून हा बिबट्या मेला. तुंगारेश्वरला जाणारी शाळेची बस त्याच महामार्गावरून जाते. जंगलाचे दोन तुकडे जोडलेले असणे का महत्त्वाचे आणि रस्ता त्यांना कसा तोडतो, हे समजावण्यासाठी शिक्षकांनी बसच्या खिडकीकडे बोट दाखवले तरी चालेल.

इतिहासाचेही तसेच. वसईचा इतिहास म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला येतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आलेली वसई, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला, १८०२ चा तह. मुलांना या सनावळ्या पाठ असतात. डोंगराशीही आख्यायिका निगडित आहेत. परशुरामाच्या आणि असुरांच्या कथा तुंगारेश्वरपासून निर्मळपर्यंत सांगितल्या जातात. पलीकडे वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचे, अशी परंपरा आहे. मुलांना या सगळ्या कथा जरूर सांगाव्यात. पण जंगलाला स्वतःचाही एक इतिहास असतो, आणि तो पाठ्यपुस्तकात क्वचित येतो.

उदाहरणार्थ, राब. पावसाळ्यापूर्वी भाताचे रोप तयार करण्याच्या तुकड्यावर झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत, शेण आणि माती पसरून ते भाजायचे आणि पहिल्या पावसाबरोबर तिथे बी पेरायचे, ही कोकणातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत. इंग्रज सरकारने १८७८ चा जंगल कायदा केला, राखीव वने आखली, आणि जी फांदी तोडणे हा शेतीचा भाग होता तो एका रात्रीत गुन्हा ठरला. ठाणे जिल्ह्यात त्याविरुद्ध एवढा असंतोष माजला, की सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. १८८५ ते १८८७ या काळात त्याचे काम चालले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणजे जंगल कोणाचे, हा प्रश्न या भूमीवर सव्वाशे वर्षांहून जुना आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत त्याचा धागा येऊन पोचतो. नागरिकशास्त्राच्या तासाला 'हक्क आणि कर्तव्ये' शिकणाऱ्या नववीच्या मुलाला यापेक्षा जिवंत उदाहरण कोणते देणार?

मग या पाठाचे शिक्षक कोण? वसई, विरार, नालासोपाऱ्याच्या बाजारात जूनच्या आरंभी डोक्यावर टोपल्या घेऊन येणाऱ्या आदिवासी बाया आठवून पाहा. त्यांच्याकडे शेवळे असतात आणि शेवळ्यांबरोबर आठवणीने काकडे असतात. काकडे घातल्याशिवाय शेवळ्याची भाजी घशाला खाजते, हे आपल्या आज्यांना माहीत होते, पण त्यांना ते कळले या बायांच्या आज्यांकडून. शेवळे कोणत्या उतारावर उगवते, पहिल्या पावसानंतर किती दिवसांत काढावे, किती काढावे आणि किती पुढच्या वर्षासाठी जमिनीत राहू द्यावे, हे सगळे त्यांना ठाऊक असते. भाव करताना पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्याला, समोर वनस्पतिशास्त्राची एक जाणकार बसली आहे, असे वाटत नाही. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या पाड्यांवरची माणसे या जंगलाची सर्वांत जुनी वाचक आहेत. कातकऱ्यांचे तर नावच खैरापासून निघणाऱ्या कातावरून पडले. वारल्यांचा वाघोबा गावाच्या सीमेवर उभा असतो. बिबट्याबरोबर शेजार कसा करावा, याचा विचार त्यांच्या देवघरापर्यंत गेलेला आहे.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. पाड्यावर बस नेऊन, लोकांना रांगेत उभे करून त्यांचे फोटो काढणे आणि खाऊ वाटून परतणे, ही अभ्याससहल नव्हे. ज्या माणसांच्या वाट्याला अपमान पुष्कळ आले, त्यांत ही आणखी एक भर होईल. १९७६ साली कायद्याने वेठबिगारी संपली. तरी १९८० च्या दशकात याच वसई तालुक्यात आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीसाठी चळवळ उभी करावी लागली, हे विसरून चालणार नाही. पाड्यावरच्या जाणत्या माणसाला शाळेने रीतसर निमंत्रण द्यावे, पाहुण्या व्याख्यात्याला देतो तसे मानधन द्यावे, आणि मुलांनी त्यांना 'काका', 'मावशी' म्हणून प्रश्न विचारावेत. त्या वर्गातच पाड्यावरचे एखादे मूल बसत असेल, तर त्या दिवशी त्याला आपण इतरांच्या मागे आहोत असे वाटणार नाही. झाडांची नावे त्यालाच सर्वांत जास्त येत असतील.

या विचाराला आपल्याच जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षेचे काम सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच गुरांमागे कुरणात न्यावी, असे त्यांनी ठरवले आणि कुरणशाळा चालवल्या. पाने, बिया, खडे हीच तिथली पाटी-पुस्तके. त्यांनी रानातल्या मुलांपर्यंत शाळा नेली. आज शहरातल्या मुलांना रानापर्यंत न्यायचे आहे, आणि वाट तीच आहे.

याला जे आक्षेप घेतले जातील, तेही खोटे नाहीत. मुख्याध्यापक म्हणतील, परवानग्यांचे कागद कोणी भरायचे आणि काही विपरीत घडले तर उत्तर कोणी द्यायचे? तुंगारेश्वर आणि चिंचोटीच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बुडून मृत्यू झाले आहेत, प्रशासनाला तिथे मनाईचे हुकूम काढावे लागले आहेत. त्यामुळे भर पावसाळ्यात मुलांना ओढ्याकाठी नेऊच नये. पालक म्हणतील, पोर्शन कधी पुरा होणार? शिक्षक म्हणतील, निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांतून आम्हाला श्वास घ्यायला सवड नाही. त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे आणि शिक्षण खात्याने ते ऐकायलाच हवे.

पण दुसरी बाजूही पाहू या. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. त्याचे पुढे काय झाले, ते प्रत्येक घराला माहीत आहे. आदल्या रात्री नऊ वाजता मूल सांगते, की उद्या प्रकल्प द्यायचा आहे. वडील धावत स्टेशनरीच्या दुकानात जातात, 'जंगलतोड' या विषयावरचा छापील चित्रतक्ता आणतात, आई चित्रे कापते आणि मूल झोपेच्या गुंगीत मथळे लिहिते. त्याला दहापैकी नऊ गुण मिळतात. डोंगरावर मात्र कोणीच जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, गावातल्या जाणत्या कारागिरांकडून शिकण्यात घालवावेत असे सुचवले आहे. त्यातला एक दिवस जंगलातल्या जाणत्यांसाठी काढता येणार नाही का?

करायचे काय, तेही फार अवघड नाही. दोनशे मुलांच्या चार बस एकदम नेण्याऐवजी एका वेळी एक वर्ग न्यावा. वन विभागाला आधी कळवून परवानगी घ्यावी आणि त्यांचा माणूस सोबत मागावा. एकाच वाटेवर वर्षातून तीनदा जावे. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, थंडीत डिसेंबरात आणि पानगळीत फेब्रुवारीच्या अखेरीस. ऑक्टोबरात खळाळणारा ओढा फेब्रुवारीत कोठे गेला, हे मुलांनी स्वतःच विचारावे. प्रत्येकाने एक झाड निवडावे आणि तीनही वेळा त्याचीच नोंद करावी. स्पीकर, वेफर्सची पाकिटे आणि फांद्या मोडणारे हात घरी ठेवावेत. परतल्यावर एका तासाला नोंदी वाचून दाखवाव्यात. चुकीच्या असल्या तरी त्या मुलाच्या स्वतःच्या असाव्यात. पालकांनीही खर्च पाहावा. पाळण्यांच्या एका सहलीच्या पैशात या तीन फेऱ्या बहुधा होतील.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शहराच्या नकाशावर आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली, आणि त्यानंतर किती इमारती उठल्या, हे रोज लोकलमध्ये चढणाऱ्याला सांगायला नको. डोंगराच्या पायथ्याशी गोदामे, कारखाने आणि चाळी येऊन टेकल्या आहेत. पेल्हारच्या धरणात साठणारे पाणी याच डोंगररांगेच्या कुशीतले आहे. आणि जुलै २०१८ मध्ये तीन दिवस नालासोपारा-वसई पाण्याखाली होते, लोकल बंद पडल्या, वीज गेली, तेव्हा डोंगरावरून उतरणारे पाणी समुद्राकडे जाण्याच्या वाटा आपण कशा बुजवल्या आहेत, याची सर्वांना जाणीव झाली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे आणि पावसाळ्यात घरात पाणी येणे, या दोन्हींचा संबंध डोंगराशी आणि त्याच्या ओढ्यांशी आहे. हे आपल्या पिढीला उशिरा कळले.

आज सहावी-सातवीत असलेली मुले दहा-पंधरा वर्षांनी मतदान करतील, घरे विकत घेतील. त्यांतली काही अभियंते, वकील, बिल्डर आणि नगरसेवकही होतील. डोंगर कापून रस्ता न्यायचा की वळसा घालायचा, ओढ्याचे पात्र बुजवून इमारत बांधायची की नाही, पाड्यावरच्या माणसाचा दावा ऐकायचा की कागदात गुंडाळून ठेवायचा, हे निर्णय त्यांच्या टेबलावर येतील. त्या वेळी त्यांच्यापुढच्या नकाशावर तुंगारेश्वर हा एक हिरवा डाग असेल. त्या डागाच्या आत आपण निवडलेले एक ऐनाचे झाड आहे, ओढा आहे आणि आपल्याला शेवळे ओळखायला शिकवणाऱ्या मावशी आहेत, हे ज्याला आठवेल त्याचा हात सही करण्यापूर्वी क्षणभर थांबेल. यंदाच्या सहलीची सूचना अजून निघायची आहे. ती निघण्यापूर्वी पालकांनी शाळेत जाऊन एवढेच विचारावे, की यंदा बस कुठे जाणार आहे?